जॉबरच्या मशीनला कुलूप

कोल्हापुरात मला पुष्कळ लोक 'इंजिनेर' म्हणतात. सुरुवातीला मी खुलासा करायचो, की बाबांनो, मी नववीतून शाळा सोडलेला माणूस आहे. त्यावर उत्तर यायचं, "असू दे की. मशीन चालू झालं म्हंजे झालं." मग खुलासा करणं सोडून दिलं. पण अजूनही कुणी त्या नावानं हाक मारली की माझी मान आपोआप खाली जाते आणि मी टेबलावर स्क्रू शोधायला लागतो. स्क्रू हातातच असतो.

मी गोंदिया जिल्ह्यातला. इथं गोंदिया म्हटलं की "म्हंजे नागपूरच की," असं म्हणून विषय मिटतो. तांदळाच्या ट्रकवर नात्यातल्या एका माणसासोबत कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत आलो, पोती उतरवली, आणि ट्रक परत निघाला तेव्हा मी त्यात नव्हतो. घरी तोंड दाखवण्यासारखं काही नव्हतं, एवढंच सांगतो. ओळख ना पाळख, अशा त्या बाजारात पहिल्याच दिवशी एका हमालानं विचारलं, "पावणं, जेवलासा का?" मी "झालं जी" म्हणालो. झालं नव्हतं. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि अर्धी भाकरी पुढं केली. तेव्हापासून कुणी माझ्यासाठी काही केलं की मला त्या माणसाला नाही म्हणता येत नाही. हा चांगला गुण आहे, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

माझं काम जुन्या कॉम्प्युटरचं. कारखाने, पतसंस्था, शाळा जुनी मशिनं काढून टाकतात. ती आम्ही घेतो, धूळ झाडून, लागेल तो भाग बदलून चालती करतो आणि ज्याला नवं परवडत नाही त्याला देतो. दुकान बापूंचं. बापूंनी मला ठेवून घेतलं तेव्हा माऊस कुठल्या बाजूनं धरतात तेही मला ठाऊक नव्हतं. आता बापू फक्त पेपर वाचायला येऊन बसतात आणि गिऱ्हाइकाला माझ्या देखत सांगतात, "ह्यो पोरगा लिनक्समधला वस्ताद हाय." वस्ताद हा शब्द या गावात तालमीतल्या माणसासाठी जपून वापरतात. मला तो ऐकवत नाही.

लिनक्स म्हणजे काय, हे मी गिऱ्हाइकाला असं सांगतो. कॉम्प्युटर हे नुसतं लोखंड. त्याला उठवून कामाला लावणारी एक व्यवस्था आत असावी लागते. बहुतेकांच्या मशीनमध्ये ती विंडोज असते. विंडोज म्हणजे चांगली खानावळ. ताट समोर येतं, पण स्वयंपाकघरात जायला मनाई. लिनक्समध्ये स्वयंपाकघराचं दार उघडं. मीठ वाढवा, तिखट कमी करा, फोडणी स्वतः घाला. जगभरातल्या माणसांनी मिळून ते उभं केलंय आणि ते फुकट मिळतं. हात मात्र भाजू शकतो. शिवाय ते अंगानं हलकं, त्यामुळे थकलेलं मशीनही त्याच्यावर पुन्हा पळतं. आणि ज्याच्या त्याच्या चवीनं ते मांडून देणं, हा माझा धंदा.

चवी तरी किती. लक्ष्मीपुरीतल्या एका व्यापाऱ्याला पडद्यावर काही वेगळं दिसलेलं चालायचं नाही. मी खालची पट्टी, कोपऱ्यातलं बटण, निळा रंग, सगळं त्याच्या जुन्या सवयीचं करून दिलं. हे लिनक्स आहे, असं बजावून सांगितलं. पुढं एकदा तो दुकानात चारचौघांत म्हणाला, "ते लिनक्स-बिनक्स ह्येंच्यापाशीच राहू द्या. माझं विंडोज बगा कसं पळतंय!" एक मावशी आहेत. खंडेनवमीला त्या मशीनची पूजा करतात, तशी मीही करतो. पण त्या कुंकू वाहतात ते पंख्याच्या जाळीतून आत. दसरा झाला की त्यांचं मशीन खोकत खोकत दुकानात येतं.

मी शिकलो ते बघून बघून उतरवून. इंग्रजी अक्षरं यायची, शब्द यायचे नाहीत. काळ्या पडद्यावर जे हुकूम टाइप करायचे, ते मी चित्र काढावं तसं एकेक अक्षर बघून काढायचो. एक अक्षर चुकलं की मशीन आडवं. इंटरनेटवर लिनक्सवाल्यांची एक चावडी असते, तिथं मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारायचो. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं, नावंही खरी नसतील, पण उत्तर द्यायची. मी मशीन पार झोपवून टाकायचो, ती म्हणायची, हरकत नाही, पुन्हा कर. तू किती शिकलायस, असं त्यांतल्या एकानंही विचारलं नाही. पुढं जे सांगणार आहे त्याची लाज मला म्हणूनच जास्त वाटते.

आमच्या दुकानात एक खास सेटिंग होतं. मुलंमुली आईवडिलांसाठी मशीन न्यायला यायची आणि पहिली अट घालायची, "त्यांच्याकडनं काही बिघडता कामा नये." म्हणून मी एक घडी बसवली. मशीन सुरू केलं की पडद्यावर फक्त चार मोठी चित्रं. व्हिडिओ, फोटो, बातम्या आणि परगावच्या पोरांशी बोलायला फोन. बाकी सगळं कुलपात. लिनक्समध्ये मशीनचा मालक वेगळा आणि वापरणारा वेगळा, असं करता येतं. मालकाचा पासवर्ड ज्याच्याजवळ, सत्ता त्याची. चार चित्रांपलीकडं काही दाबलं की मशीन तो पासवर्ड मागायचं आणि तिथंच थांबायचं. बापूंनी या सेटिंगला नाव पाडलं, 'म्हातारा'. "दोन म्हातारे तयार ठेव रे," असं आमचं बोलणं चालायचं. विसरायला नको म्हणून पासवर्डही मी सगळ्यांना तोच ठेवायचो, इंग्रजी अक्षरांत. एकदा म्हातारा दिला की तो दुरुस्तीला परत यायचा नाही. मला त्याचा फार अभिमान होता.

विनायक कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरला आहे. तिथली जुनी मशिनं विकायला निघाली की तो आधी आम्हाला सांगतो. यात त्यानं चहापलीकडं कधी काही घेतलेलं नाही. दुकान मंदीत होतं तेव्हा त्यानं कळवलेल्या मशिनांवरच आम्ही तगलो. इचलकरंजीजवळ कबनूरला तो आईवडिलांसोबत राहतो. वडिलांना सगळे आप्पा म्हणतात. आयुष्यभर यंत्रमागावर जॉबर होते.

जॉबर म्हणजे मागाचा डॉक्टर. माग चालवणारा वेगळा. माग अडला, धागा सारखा तुटायला लागला, आडवा धागा नेणारा धोटा वाकडा पळायला लागला, की जॉबरला हाक. तो पाना घेऊन मागाखाली शिरतो. शेडमध्ये खडखडाट इतका, की शेजारच्याचं बोलणं कानावर येत नाही. तिथली माणसं एकमेकांच्या ओठांवरून बोलणं ओळखतात. त्या खडखडाटात आप्पांचे कान गेले. पूर्ण नाही, पण काम सोडावं लागलं इतके. स्वतः मात्र ते अजून शेडमध्ये असल्यासारखे ओरडूनच बोलतात.

विनायकनं त्यांच्यासाठी पहिल्यांदा मशीन नेलं ते साधं, उघडं लिनक्स होतं. कुस्त्या बघत बसतील, एवढीच अपेक्षा. आप्पांनी कुस्त्या बघितल्या आणि मग मशीन उघडायला घेतलं. पान्यानं नव्हे, आतून. दिसेल ते बटण दाबून बघायचं. एकदा पडदा उलटा झाला, डोकं खाली पाय वर. मी कबनूरला गेलो, तर आप्पांनी अख्खा मॉनिटरच उलटा करून दोन विटांवर ठेवला होता आणि निवांत कुस्ती बघत बसले होते.

"आप्पा, हे आतूनच सुलटं करता येतं," मी म्हणालो.

"व्हय? म्हंजे इटांची गरज न्हवती म्हणा की!"

आणि स्वतःच मोठ्यानं हसले. पुढं एकदा खालची पट्टी गायब झाली. मग त्यांनी पडद्यावरचा सगळा संसारच काढून टाकला. काळा पडदा आणि कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ. दर वेळी विनायकला रजा टाकून मशीन माझ्याकडं आणावं लागायचं. शेवटी तो वैतागला.

"दादा, लॉक करून टाका. रजेसाठी साहेबांच्या पाया पडायची पाळी आलीय माझ्यावर."

"आप्पांना विचारलं का?"

"त्यांना काय विचारायचं? कळतंय का त्यातलं कायतरी?"

ज्याच्या जिवावर दुकान तगलं त्याला नाही कसं म्हणायचं? मी म्हातारा बसवून दिला. पासवर्ड विनायकनं विचारलासुद्धा नाही. "तुमच्याजवळच असू द्या," म्हणाला.

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी आप्पा दुकानात आले. एकटे, इचलकरंजीहून एसटीनं. मशीनचा डबा सुताच्या पोत्यात घातलेला आणि पोतं तान्ह्या पोराला धरावं तसं छातीशी धरलेलं.

"पावणं!" ते दारातूनच म्हणाले. रस्त्यावरची दोन माणसं वळून बघायला लागली. "हे बगा की जरा. बिघडलंय."

"काय झालं आप्पा?"

"चार चित्रं हाईत न्हवं, तेवढीच चालत्यात. बाकी सगळं मेलंय. काय बी दाबलं की पासवर्ड मागतंय आणि बसतंय. विन्याला इचारलं तर म्हणतोय, तुमीच कायतरी केलं असंल." ते थांबले. "केलं असंल बी. मला आठवंना."

मी पोत्यातून डबा काढून टेबलावर ठेवला.

"मी आलतो म्हणून त्याला सांगू नगा," आप्पा आवाज खाली आणून म्हणाले. त्यांचा खाली आणलेला आवाज शेजारच्या झेरॉक्सवाल्यापर्यंत गेला. "रजा टाकतंय पोरगं माझ्यापायी. गुपचूप नीट करा. हुईल न्हवं नीट?"

मग त्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर उघडे धरले. तेल-ग्रीसनं रेषा काळ्या पडलेले हात. "मागाला हात लावला की कळायचं कुटं अडलंय ते. आता ज्याला हात लावीन ते मरतंय."

नीट व्हायला त्या डब्यात काही बिघडलेलंच नव्हतं. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, "ठेवून जा आप्पा. बघतो."

"बगता न्हवं? देव भलं करंल तुमचं." असं म्हणून, माझ्या बापाच्या वयाच्या त्या माणसानं मला हात जोडले. मी टेबलावर स्क्रू शोधत होतो.

तो डबा टेबलावर पडून राहिला. बापूंनी पेपर खाली करून विचारलं, "ह्याला काय झालंय?" म्हटलं, काही नाही. "मग हितं का?" मी डबा टेबलाच्या कडेला सरकवला. तेवढ्यात एका संध्याकाळी विनायकचा फोन आला, की बरीच मशिनं निघणार आहेत, तुमच्यासाठी शब्द टाकून ठेवलाय. मी आभार मानले. मग विचारलं, "आप्पा बरे आहेत ना?"

"बरे हायेत. आता गप असतात. लॉक केलं ते बरं झालं बगा."

"हो," मी म्हणालो.

आयुष्यात मी पुष्कळ ठिकाणी मान खाली घातली आहे, पण त्या 'हो'ची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. आप्पांचा आजार मीच दिलेला होता, आणि तो बरा झाल्याबद्दल मी आभार घेत होतो.

शेवटी डबा पोत्यात घालून मी कबनूरला गेलो. दारात आप्पांची बायको भेटली. सगळी गल्ली त्यांना आक्का म्हणते.

"बरं झालं आलासा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ह्येंचं काय झालंय बगा की. मिक्सर बंद पडला, तर म्हणत्यात दुकानात दिऊन ये. ह्या घरातला मिक्सर पयल्यांदा भाईर गेला. म्हटलं, अवो, तुमी बगा की. तर म्हणत्यात, नगं, माझ्याकडनं आणि बिघडंल."

आप्पा आतल्या खोलीत खाटेवर बसले होते. मी त्यांच्या समोर, माझे ओठ त्यांना दिसतील असा बसलो.

"आप्पा, मशीन बिघडलेलं नव्हतं. मी त्याला कुलूप लावलं होतं. विनायकनं सांगितलं आणि मी लावलं. तुमच्याकडनं काही झालं नव्हतं."

त्यांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग बराच वेळ माझ्या ओठांकडंच बघत राहिले, जणू अजून काही यायचं बाकी आहे.

"माझ्याकडनं न्हवतं झालं?"

"नाही."

"मी दुकानात आलो, हात जोडलं, तवा तुला ठावं हुतं?"

"हो."

'पावणं' गेलं, 'तुम्ही' गेलं, 'तू' आलं. मला ते योग्यच वाटलं.

"अरं लेका," आप्पा म्हणाले, "मालकानं शिव्या दिल्या मला. माग मोडला म्हणून अंगावर धावून आला. पर माझ्या हातातनं पाना न्हाय काढून घेतला कधी."

मी घाईघाईनं म्हणालो, "पासवर्ड देतो आप्पा. आत्ता सांगतो. सगळं उघडून देतो. विनायकला कळणारसुद्धा नाही."

मला वाटलं होतं, एवढ्यानं मी सुटेन. आप्पा ताठ बसले.

"चोरून? माझ्याच घरातल्या मशीनची किल्ली मी परक्याकडनं चोरून घिऊ व्हय? न्हाय. ज्यानं लावाय लावलं, त्यानं सांगू दे."

"तो रागवेल."

"कुणावर? तुझ्यावर?" ते माझ्याकडं निरखून बघत राहिले. "भ्यायलास."

"हो."

"मग बस हितंच. पयल्या पाळीला गेलाय. ईल आता."

आक्कांनी चहा आणून दिला. तो गार झाला. मला दुकान दिसत होतं, बापू दिसत होते, शब्द टाकून ठेवलेली मशिनं दुसऱ्याच्या टेम्पोत चढताना दिसत होती. दोनदा वाटलं, उठावं आणि एसटी गाठावी. पण दाराकडं जायचं तर आप्पांच्या समोरून जावं लागलं असतं.

विनायक आला तो खांद्यावर बॅग, पायांत कारखान्याचे बूट. मला आणि डब्याला बघून दारातच थांबला.

"दादा? परत बिघडलं?"

आप्पा माझ्याकडं बघत राहिले. म्हणजे बोलायचं मीच होतं.

"विनायक, मी आप्पांना सांगितलं. कुलूप आपण लावलंय ते. मी लावायला नको होतं. आता काढायचंय. आणि ते म्हणतात, पासवर्ड तू सांगायचा."

त्याचा चेहरा उतरला आणि लगेच तापला. "तुमच्यावर विश्वास ठेवला, दादा. एक गोष्ट सांगितली होती तुम्हाला. आता मशिनांचं तुमचं तुम्ही बघा."

"त्याला काय बोलतोस?" आप्पा गरजले. "माझ्याशी बोल."

"आप्पा, तुमच्यापायी रजा संपल्या माझ्या!"

"मग तसं सांगायचं हुतंस! 'आप्पा, रजा न्हाईत, हात लावू नगा.' लावला नसता. तू काय सांगिटलंस? तुमीच बिघडवलं म्हणून सांगिटलंस." आवाज एकदम खाली आला. आप्पांचा एवढा खालचा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. "पोरगं खोटं बोलतंय, का माझं हात गेल्यात, तेच मला कळंना झालं रं."

विनायक आईकडं बघायला लागला. आक्का खाली बघत होत्या. तो उंबऱ्यापाशी बसला आणि बूट काढायला लागला. एका बुटाची नाडी सुटेना, ती तो बराच वेळ सोडवत राहिला. मग उठला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "काय हाय पासवर्ड?"

तेव्हा मी अडलो. पासवर्ड मी विसरलो नव्हतो. किती मशिनांत तो मी स्वतःच्या हातानं टाइप केला होता. पण तो काय शब्द आहे, हे मला त्या खोलीत पहिल्यांदा ऐकू आलं. मी विनायकच्या कानाशी वाकलो आणि सांगितला.

तो झटकन मागं सरला. "खरंच?"

"हो."

"दुसरा कुठला सुचला न्हाय तुम्हाला?"

तो आप्पांच्या समोर जाऊन उभा राहिला. मागाच्या घरात वाढलेला पोरगा, आवाज न काढता बोलायला तो लहानपणीच शिकलेला. त्याचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. आप्पांनी डोळे बारीक केले.

"आँ? परत."

ओठ पुन्हा हलले.

"म्हातारा?" आप्पा म्हणाले, आणि म्हणाले ते त्यांच्या नेहमीच्या आवाजात. समोरच्या नळावर पाणी भरणारी बाई घागर तशीच धरून आमच्या दाराकडं बघायला लागली. आक्कांनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की काय, मला कळलं नाही.

"इंग्रजी अक्षरांत," मी खाली बघत म्हणालो.

"दोगांनी मिळून नाव झ्याक ठिवलंय," आप्पा म्हणाले आणि खाटेवरून उठले.

मी डबा जोडून दिला. आप्पा खुर्चीत बसले. एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, "यम्... येच कुटं गेलं? हां, येच," असं म्हणत त्यांनी स्वतःलाच म्हातारा टाइप केलं. कुलूप उघडलं. त्यांनी लगेच काही दाबलं नाही. माझ्याकडं वळले.

"हे बदलता येतंय?"

"येतं आप्पा."

"कसं?"

मी काळा पडदा उघडून दिला आणि हुकूम सांगितला. त्यांनी तो स्वतः टाइप केला. मी सांगितलं, "आता तुमच्या मनातला शब्द टाका, पुन्हा विचारलं की पुन्हा तोच टाका. टाइप करताना पडद्यावर काही उमटणार नाही, ठिपकासुद्धा नाही. बिघडलं असं समजू नका. ते तसंच असतं."

"काय बी दिसणार न्हाय?"

"काही नाही."

त्यांनी बोट कीबोर्डवर नेलं आणि परत मागं घेतलं.

"तिकडं बगा."

"आँ?" मी विचारलं.

"दोगं बी. भितीकडं तोंड करा."

"आप्पा, विसरलासा तर?" विनायक म्हणाला. "मला तरी सांगून..."

"तोंड तिकडं."

आम्ही वळलो. माझ्यासमोर भिंत होती, भिंतीवर उन्हाचा एक तुकडा. शेजारी विनायक, पायांत नुसते मोजे. तो माझ्याकडं बघत नव्हता, मी त्याच्याकडं बघत नव्हतो. मागच्या गल्लीतले माग खडखडत होते. त्या खडखडाटात आमच्या पाठीमागं एक कळ वाजली. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरी. विनायकचे ओठ हलले, आवाज न होता. मला ओठ वाचता येत नाहीत आणि त्यानं काय म्हटलं ते मी पुढंही विचारलं नाही.

त्या महिन्यातली मशिनं दुसऱ्या दुकानात गेली. पुढच्या वेळी विनायकचा फोन आला. आवाज कोरडा होता, पण फोन आला. आमच्या दुकानात म्हातारा बसवणं मी बंद केलं. बापू म्हणाले, "धंदा बुडवशील." मी म्हटलं, आता कुणी आईबापांसाठी मशीन न्यायला आलं, तर कुलूप हवं की नको ते आईबापांना विचारूनच ठरवायचं. आधी दिलेल्या मशिनांसाठी घरोघर गेलो. काहींनी पासवर्ड घेतला, काही म्हणाले, "असू दे, आमाला चार चित्रंच बरी." ते त्यांनी सांगितलं, म्हणून ठीक. काही घरांत मशीन होतं आणि माणूस उरला नव्हता. तिथं मी चहा न घेता परत आलो.

आप्पा अजून मशीन बिघडवतात. खरोखरचं बिघडवतात, आणि पोत्यात घालून स्वतः घेऊन येतात. काय काय दाबलं ते सगळं मोठ्यानं, शेजारच्या झेरॉक्सवाल्यालाही कळेल असं सांगतात. विनायकला सांगू नका, असं आता म्हणत नाहीत. काम करता करता मशीन मध्येच मालकाचा पासवर्ड मागतं. तेव्हा मी कीबोर्ड त्यांच्याकडं सरकवतो, खुर्चीवरून उठतो आणि कुणी सांगायच्या आत रस्त्याकडं तोंड करून उभा राहतो.